मुरलेला उमेदवार सोडून लोक नवख्याला मत का देतात? (घरात वाद झालाय, मदत करा)

डिचोलीकर_७१
नमस्कार मंडळी. चतुर्थीला घरी तीन पिढ्या एकत्र जेवायला बसल्या आणि खतखतं पानात पडायच्या आधीच राजकारण सुरू झालं. मला खरंच उत्तर सापडलेलं नाही म्हणून इथे विचारतोय. माझे बाबा ८४ वर्षांचे, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या वेळेपासूनचे मगोवाले (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे). भाचा २४ वर्षांचा, बार्देशातला, औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर कामाला, त्याने २०२२ ला आयुष्यातलं पहिलं मत आरजीला, म्हणजे रिव्होल्युशनरी गोवन्स या नव्या पक्षाला दिलं. मी मधला, सरकारी खात्यात २६ वर्षं काढली, दर वेळी जो जिंकण्यासारखा आणि कामाचा वाटतो त्याला मत देऊन गप्प बसणारा.

माझं म्हणणं साधं होतं. आपण बसमध्ये बसताना ड्रायव्हरकडे लायसन आहे असं धरून चालतो, ऑपरेशन करायला नवशिका डॉक्टर नको म्हणतो, मग विधानसभेतच अनुभव नसलेला माणूस कसा काय चालतो? त्यावर भाचा म्हणाला, मामा, ड्रायव्हरचं लायसन बघितलंस, बस कुठे चाललीय ते बघितलंस का. सगळे हसले. मला राग आला पण उत्तर सुचलं नाही.

आणि हे काय फक्त गोव्यात नाही. ट्रम्प २०१६ ला निवडून आले तेव्हा त्यांनी त्याआधी साधी नगरपालिका पण लढवलेली नव्हती. युक्रेनमध्ये २०१९ ला टीव्हीवरच्या विनोदी नटाला ७३ टक्के मतं. काठमांडूचा महापौर २०२२ ला अपक्ष रॅपर. अर्जेंटिनात २०२३ ला करवत घेऊन प्रचार करणारा मिलेई, जो दोनच वर्षांपूर्वी पहिल्यांदा खासदार झालेला. सगळीकडची माणसं एकदम वेडी तर झाली नसतील ना? मग हे नुसता राग म्हणायचं, की फुकट पैशांच्या वायद्यांना भुलणं, की मोबाईलचा परिणाम? कृपया पक्षाच्या आयटी सेलचे मेसेज इथे चिकटवू नका, ते माझ्याकडे रोज सकाळी येतातच.

मांडवी_पलीकडे
रील्स. विषय संपला. तीस सेकंदात जो जोरात ओरडतो तो लीडर, विधेयक म्हणजे काय हे ना त्याला माहीत ना ऐकणाऱ्याला.

निवृत्त_मास्तर_फोंडा
रील्स म्हणता तर १९६३ ला कुठल्या रील्स होत्या हो? डिचोलीकर, तुमच्या बाबांनाच विचारा, उत्तर तुमच्या घरातच बसलंय.

गोवा मुक्त होऊन दोन वर्षं झालेली. काँग्रेस म्हणजे नेहरूंचा पक्ष, ज्यांच्या सरकारने सैन्य पाठवून पोर्तुगीजांना घालवलं तो पक्ष. उमेदवार शिकलेले, नाव असलेले, त्यात स्वातंत्र्यसैनिक. सगळे धरून चालले होते की पहिलं सरकार यांचंच. निकाल लागला तर गोव्यातल्या २८ जागांत काँग्रेसला एकही नाही, एकूण ३० मधली एक मिळाली ती दमणला. मगोला १४, युनायटेड गोवन्सला १२. दिल्लीतल्या लोकांना काय झालं तेच कळेना. पण गावात राहणाऱ्याला त्यात आश्चर्य काहीच नव्हतं, कारण काँग्रेसने तिकिटं दिली त्यातले पुष्कळ भाटकार (जमीनदार) आणि भाटकारांच्या उठबशीतले, आणि मतदार म्हणजे कूळ आणि मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे). आमची आजी मुंडकार. भाटकाराकडे काही काम घेऊन गेली तर बलकांवच्या (घरापुढच्या बैठकीच्या) पायऱ्यांखाली उभी राहायची, उन्हात, तो बाहेर येईपर्यंत. त्याच भाटकाराचा मुलगा मत मागायला आला तेव्हा पहिल्यांदा तो पायऱ्या उतरून आमच्या अंगणात आला, हे ती मरेपर्यंत सांगायची.

आता गंमत बघा, भाऊसाहेब काही गरीब नव्हते, खाणमालक होते. म्हणून मला हे 'लोकांना आपल्यासारखा माणूस हवा असतो' वगैरे पटत नाही. लोक खिसा बघत नाहीत, बलकांवर बसणारे त्याला बघून नाक मुरडतात का ते बघतात. नाक मुरडलं की हा आपला. न्यूयॉर्कच्या टॉवरमध्ये राहणारा अब्जाधीश पेनसिल्व्हेनियातल्या कारखाना बंद पडलेल्या कामगाराला आपला कसा वाटतो असं लोक विचारतात, मला त्यात नवल वाटत नाही, आम्ही ते आधी बघितलंय. (ट्रम्प आणि भाऊसाहेब एका मापाचे असं मी म्हणत नाही, भाऊसाहेबांनी गावोगाव शाळा काढल्या, १९६४ ला कूळ कायदा आणला. उगाच माझ्यावर तुटून पडू नका.)

अजून एक, याच्यावर कुणी फारसं बोलत नाही. भाऊसाहेबांचा मुख्य वायदा काय, तर महाराष्ट्रात विलीनीकरण. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१. म्हणजे ज्या मुद्द्यावर पक्ष उभा तोच मुद्दा पडला. आणि त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक झाली तर मगोला १६ जागा, आधीपेक्षा दोन जास्तच! माझे वडील फुलावाले, म्हणजे विलीनीकरणवाले, कौल हरल्यावर दोन दिवस जेवले नाहीत, पण शेजारचा पानांवर, म्हणजे विलीनीकरणाविरुद्ध, शिक्का मारलेला माणूस विधानसभेला भाऊंनाच मत देऊन आला. जाहीरनाम्यात काय लिहिलंय हा भाग वेगळा, पुन्हा पायऱ्यांखाली उभं राहायचं नाही हा भाग वेगळा. शिकलेले लोक जाहीरनामा वाचून म्हणतात हे शक्यच नाही, लोक मूर्ख आहेत. लोकांनी तो वाचलेलाच नसतो, त्यांना त्याची गरज नसते.

मांडवी_पलीकडे
मास्तर, रील्सचं म्हणणं मागे घेतो. अर्धं.

पेडणेकार
मी पण २०२२ ला आरजीला दिलं, त्यामुळे भाच्याच्या बाजूने लिहितो. काका, तुम्ही अनुभव अनुभव म्हणता ना, मला सांगा कशाचा अनुभव? २०१७ ला काँग्रेसचे १७ निवडून आले, सगळ्यात मोठा पक्ष, सरकार बसलं भाजपच्या १३ वाल्यांचं. २०१९ च्या जुलैमध्ये त्यातले १० एका रात्रीत भाजपमध्ये. तेव्हा त्यांच्याकडे १५ उरलेले, १५ चे दोन तृतीयांश किती, बरोब्बर १०, तेवढे एकदम गेले की आमदारकी जात नाही. मग २०२२ च्या निवडणुकीआधी सगळ्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीकडे नेलं, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) नेलं, बेतीच्या दर्ग्यात नेलं, शपथा घ्यायला लावल्या की पक्ष सोडणार नाही. ११ निवडून आले. सप्टेंबरमध्ये ८ गेले. ११ चे दोन तृतीयांश काढा, साडेसात पण होत नाहीत, म्हणजे आठ. पक्षांतरबंदी कायदा आमच्या आमदारांना तोंडपाठ आहे, हाच तो अनुभव.

मग माझ्यासारख्याने विचार असा केला, की अनुभवी माणसाला मत दिलं तर ते मत कुठल्या पक्षाला जाऊन पडेल हे मला माहीत नाही, नवख्याला दिलं तर निदान तो हरला तरी माझं मत जिथे ठेवलं तिथेच राहील. ह्याला कुणी राग म्हणा, मी हिशेब म्हणतो. सांत आंद्रेत आरजीचा पोरगा ७६ मतांनी निवडून आला तेव्हा आम्ही गावात फटाके वाजवले, आमचा मतदारसंघ पण नव्हे तो.

आणि नोकरी. बीकॉम झालो, तीन वर्षं फॉर्म भरले, प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य, 'आमदाराला भेटून ये'. भेटलो पण. सकाळी साताला जाऊन ओळीत बसायचं, साहेब साडेनऊला येणार, हात खांद्यावर ठेवून म्हणणार बघूया रे. मास्तरांची बलकांवची गोष्ट वाचली आणि मला तीच ओळ आठवली, फक्त आता वर फॅन आहे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. २०२४ च्या शेवटी पैसे घेऊन सरकारी नोकऱ्या लावून देतो म्हणून फसवल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, अटका झाल्या, तेव्हा आमच्या गावात कुणाला धक्का बसला नाही, लोक रेट किती होता एवढंच विचारत होते.

सत्तरीची_वहिनी
पेडणेकार भाऊ, सगळं खरं, पण मग तुमच्या आरजीला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मतं आणि एकच जागा का? बाकीचे नव्वद टक्के आम्ही काय झोपेत मतदान केलं?

मी सांगते आमच्याकडे कसं चालतं. रात्री दोनला सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मी कुणाला फोन केला, तर कार्यकर्त्याला, कारण त्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला असतो. तो गाडी घेऊन आला. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचेपर्यंत तिथे वॉर्डात कुणाशी तरी बोलून ठेवलेलं. आता तुम्ही म्हणाल हे सरकारचं कामच आहे, त्यासाठी ओळख कशाला लागावी, बरोबर आहे, पण रात्री दोनला मला हे तत्त्वज्ञान नको असतं. सरकारच्या गृहआधार योजनेचे १,५०० माझ्या खात्यात येतात, सासूला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, फॉर्म अडकला तर कुणाकडे जायचं ते माहीत आहे. नवखा माणूस भाषण चांगलं करतो, पण त्याच्याकडे फोन उचलायला माणूस नसतो. आमच्याकडे प्रतापसिंह राणे ५० वर्षं आमदार, २०२२ ला पर्येत त्यांची सून १३,९४३ मतांनी आली. त्याच निवडणुकीत नवरा-बायकोच्या तीन जोड्या एकदम विधानसभेत गेल्या. घराणेशाही म्हणून नाकं मुरडणारे आम्ही पण आहोत, आणि बटण दाबणारे पण आम्हीच.

आणि फुकट पैशांना भुलतात म्हणता, तर ते पण नाही. तृणमूलवाल्यांनी २०२२ ला बायकांना महिन्याला ५,००० देतो म्हणून कार्ड छापून घरोघर वाटली. किती जागा आल्या, शून्य. माझ्या जावेने कार्ड घेतलं, नाव लिहिलं, आणि मत नेहमीच्याच ठिकाणी दिलं.

हां, एक कबूल करते. पंचायतीला मात्र मी जुन्या पंचाला पाडायला नवख्या मुलीला मत दिलं. तिथे बिघडलं तर तिच्या घरी जाऊन भांडता येतं ना.

पेडणेकार
वहिनी, फ्रिजवरचा नंबर हाच तर प्रॉब्लेम आहे. १०८ ला फोन केल्यावर पण वॉर्डात तसंच बोलून ठेवलेलं पाहिजे. पण पंचायतीचं तुमचं आवडलं.

स्विंडन_नाईट_शिफ्ट
मी मूळ काणकोणचा, आता इंग्लंडात स्विंडनला, गोदामात रात्रपाळी. इथे गोंयकार इतके आहेत की शनिवारी दुकानात चोरिस मिळतात आणि मासळीवरून भांडणं होतात. वाद वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

अर्जेंटिनाचं डिचोलीकरांनी काढलं. आमच्या शिफ्टमध्ये एक अर्जेंटिनाचा माणूस आहे, इटालियन पासपोर्टवर आलेला, जसे आपले पोर्तुगीज पासपोर्टवर येतात. त्याला मी विचारलं की बाबा करवत घेऊन नाचणाऱ्या माणसाला मत कसं दिलं तुझ्या घरच्यांनी? तो म्हणाला समोर कोण होतं ते बघ. समोर होते सेर्जिओ मासा, म्हणजे चालू अर्थमंत्री! महागाई वर्षाला १४० टक्क्यांच्या वर गेलेली आणि सत्ताधाऱ्यांनी उभा कोण केला तर तेच खातं सांभाळणारा. त्याआधी दुसऱ्या बाजूचे मॅक्री पण चार वर्षं येऊन गेलेले, तेव्हाही भाव थांबले नव्हते. दोन्ही दुकानांतला माल खाऊन पोट बिघडलेलं, मग माणूस तिसऱ्या दुकानात जातो, पाटीवर काय लिहिलंय न वाचता. मिलेईला जवळजवळ ५६ टक्के मिळाली. अमेरिकेत पण तसंच, २०१६ ला एका पक्षाने सगळ्यात अनुभवी बाई उभी केली, माजी राष्ट्राध्यक्षांची बायको, सिनेटर, परराष्ट्रमंत्री. दुसऱ्या पक्षात सुरुवातीला ज्यांचं नाव पुढे होतं त्या जेब बुशचा बाप आणि भाऊ दोघेही राष्ट्राध्यक्ष झालेले. पर्येच्याच वळणावरचं. आणि ज्या तीन राज्यांनी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, ट्रम्पना निवडून दिलं तीच २००८ आणि २०१२ ला ओबामांकडे होती. म्हणजे तीच राज्यं आधी एका 'बदल करतो' म्हणणाऱ्याकडे गेली, आणि मग दुसऱ्याकडे.

आता दुसरी गोष्ट, ही पेडणेकारला. रागावू नको. आरजीचा मुख्य सूर काय, भायले (गोव्याबाहेरून आलेले) नको. भायल्यांनी जमिनी घेतल्या, नोकऱ्या घेतल्या, मतं पण घेतली. मला पण गावी आलो की वाटतं तसं, आमच्या गावात संध्याकाळी ओळखीचा माणूस दिसत नाही. पण २०१६ ला ब्रेक्झिटचं मतदान झालं तेव्हा स्विंडनमध्ये जवळपास ५५ टक्क्यांनी बाहेर पडायला मत दिलं, आणि त्याचा प्रचार मी बसस्टॉपवर ऐकलाय. शब्द तेच रे. घरभाडी ह्यांच्यामुळे वाढली, दवाखान्यात रांग ह्यांच्यामुळे. ह्यांच्यामुळे म्हणजे माझ्यामुळे. पोर्तुगालमध्ये बघ, मडगावशी नातं सांगणारे, घरी बाबुश म्हणून ओळखले जाणारे आंतोनियो कॉस्ता २०१५ पासून २०२४ पर्यंत पंतप्रधान, आणि त्याच देशात शेगा नावाचा पक्ष २०१९ ला एका जागेवरून सुरू झाला तो २०२५ ला ६० वर, बाहेरून आलेल्यांच्या विरुद्ध बोलून. माझा चुलतभाऊ लिस्बनला असतो, बांगलादेशी समजून त्याला शिव्या घातल्या. तोच चुलतभाऊ फेसबुकवर गोव्यातल्या घाट्यांबद्दल काय लिहितो ते मी इथे लिहू शकत नाही.

पेडणेकार
रागावलो नाही. पण तुम्ही तिथे मतदारयादीत नाव घालून तिथला सरपंच ठरवत नाही, जमिनी रूपांतरित करून डोंगर कापत नाही. तुलना बरोबर नाही.

स्विंडन_नाईट_शिफ्ट
डोंगर कापणाऱ्याने मजूर आणलेत, मजुरांनी डोंगर आणला नाही. रूपांतराच्या फायलीवर सही कुणाची, भायल्याची? बाकी मतदारयादीचं म्हणशील तर इथे कौन्सिलच्या निवडणुकीत आम्ही पण मत देतो, भारताचा पासपोर्टवाला पण देतो. सांगितलं नव्हतं कुणी?

मडगाव_न्यू_मार्केट
दोघांनी श्वास घ्या जरा.

माझं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकतो. माझ्या मते 'बाहेरचा' म्हणजे कुठून आला याच्यावर नसतंच ते, कुणाचं देणं लागतो याच्यावर असतं. तृणमूलचं वहिनींनी सांगितलं. नवा पक्ष म्हणून आले आणि आल्या आल्या माजी मुख्यमंत्र्यांना घेतलं, मग बाणावलीत चर्चिल आलेमाव या जुन्या नेत्याला घेतलं. गिऱ्हाईक म्हणायचे बाटली नवी, सोरो तोच. बाणावलीत चर्चिल हरले आणि 'आप'चा वेंझी आला. उलट २०१२ ला आलेमाव घरातले चौघे उभे होते, चौघेही पडले, तेव्हा लोकांनी हातात होतं तेच हत्यार वापरलं, म्हणजे कुठे भाजप, कुठे अपक्ष, कुठे छोटा पक्ष. आणि २०२४ ला लोकसभेला दक्षिणेत काँग्रेसनेच अक्कल वापरली, सिटिंग खासदाराला बाजूला ठेवून नौदलातून निवृत्त झालेला, आंदोलनांतून आलेला कॅप्टन विरियातो दिला, समोर उद्योगपती घरातली उमेदवार. १३,५३५ ने आला. जुना पक्ष, पण माणूस ओळीत बसवणारा वाटला नाही. म्हणजे जुन्या पक्षांना दार उघडं आहे, त्यांना ते उघडायचं नसतं, कारण तिकिटाच्या ओळीत आधीच मुलगा, सून, जावई उभे असतात.

बाकी नवखा किती दिवस नवखा राहतो हे पण बघा. एन.टी. रामाराव, १९८२ च्या मार्चमध्ये पक्ष काढला, १९८३ च्या जानेवारीत मुख्यमंत्री, आणि १९९५ ला त्यांच्याच जावयाने त्यांना उतरवलं. दिल्लीत 'आप' २८, मग ६७, मग ६२, मग २०२५ ला २२. दहा वर्षं बंगल्यात राहिलं की आम आदमी म्हणून टोपी घालता येत नाही. मास्तर, मगोचं पण तेच झालं ना हो? २०२२ ला तृणमूलबरोबर लढले आणि निकाल लागल्यावर भाजपला पाठिंबा.

निवृत्त_मास्तर_फोंडा
झालं. भाऊसाहेब १९७३ ला गेले आणि मुख्यमंत्री कोण, तर मुलगी. शशिकलाताईंनी काम वाईट केलं असं मी म्हणणार नाही, मुंडकार कायदा त्यांच्याच वेळचा, आमच्या घराखालची जमीन त्यामुळे आमची झाली. पण बलकांवला नवीन मालक आले एवढं खरं. डिचोलीकर, बाबांना विचारलंत का?

डिचोलीकर_७१
विचारलं. काल संध्याकाळी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, भाचा पण आलेला. सत्तरीच्या वहिनींचं वाचताना मी मध्येच थांबलो, कारण आमच्या फ्रिजवर पण तो नंबर आहे आणि भाचा त्याच्याकडेच बघत होता.

बाबांना १९६३ चं सगळं आठवतं, काल काय जेवले ते आठवत नाही. म्हणाले मतदानाच्या दिवशी भाटकाराने गाडी पाठवली होती, गावातल्या सगळ्या मुंडकारांना केंद्रावर न्यायला, गावात तेवढीच एक गाडी. आजी कधी गाडीत बसली नव्हती, नवं लुगडं नेसून बसली. वाटेत भाटकाराचा माणूस सगळ्यांना सांगत होता शिक्का कुठे मारायचा, सगळे हो हो म्हणत होते. आत जाऊन सगळ्यांनी भाऊंच्या माणसाला मत दिलं आणि त्याच गाडीत बसून परत आले. येताना कुणी एक शब्द बोललं नाही, आजी तेवढी म्हणाली की गाडी चांगली आहे.

भाचा म्हणाला, आजोबा, आम्ही पण शाकुती एकाची खाल्ली. मग मी बाबांना विचारलं, आणि २०२२ ला कुणाला दिलंत? तर त्यांनी कानाचं मशीन काढून टेबलावर ठेवलं.